ज्याला वाली नाही, त्यावरच कात्री

२०२० च्या मार्चमध्ये इटलीतील बेर्गामो शहराच्या दहनगृहाची क्षमता संपली म्हणून शवपेट्या लष्कराच्या मालमोटारींतून परगावी न्याव्या लागल्या. साध्या मुखपट्टीसाठी युरोपातील सरकारे शेजारी राष्ट्राकडे निघालेला माल आपल्याच सीमेवर अडवू लागली. आणि लाखाहून अधिक माणसे दगावल्यानंतर, त्याच वर्षीच्या जुलैत, युरोपीय संघातील सत्तावीस राष्ट्रांचे नेते पुढील सात वर्षांच्या खर्चाचा निवाडा करण्यासाठी ब्रुसेल्समध्ये चार दिवस नि चार रात्री एकत्र बसले, तेव्हा सामाईक आरोग्य कार्यक्रमासाठी युरोपीय आयोगाने मागितलेल्या ९.४ अब्ज युरोंमधून त्यांनी अवघे १.७ अब्ज शिल्लक ठेवले. महामारी दाराशी उभी असताना पहिली कात्री आरोग्यावर चालली.

पैसा नव्हता म्हणून हे घडले असे कोणी सांगू लागेल तर त्याने त्याच बैठकीचा ठराव पुढे वाचावा. ऑस्ट्रिया, डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडन या पाच धनाढ्य राष्ट्रांना त्यांच्या वार्षिक वर्गणीत घसघशीत सूट देण्याचे त्याच टेबलावर ठरले. आपण भरतो जास्त आणि मिळते कमी, या तक्रारीवर १९८४ साली फोंतेनब्लो येथे ब्रिटनने जी सवलत उपटली, तिचेच हे वंशज. ब्रिटन संघातून बाहेर पडले, सवलतीची चाल मात्र मागे राहिली. इतकेच नव्हे, जर्मनी वगळता उरलेल्या चौघांची सूट पूर्वीपेक्षा वाढली. या पाच सवलतींची बेरीज वर्षाला साडेसात अब्ज युरोंच्या पुढे जाते. आरोग्याच्या तरतुदीतून सात वर्षांचे मिळून ७.७ अब्ज कापले गेले. म्हणजे सबंध खंडाच्या आरोग्यातून सात वर्षांसाठी जेवढे काढून घेतले, जवळजवळ तेवढेच पाच श्रीमंतांना दर वर्षी माफ करण्यात आले. वाचकहो, हे आकडे कोण्या विरोधकाने रचलेले नाहीत. ते आयोगाच्या प्रस्तावात आणि कापणाऱ्यांच्याच ठरावात आहेत.

युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकाचा सारा रोग या एका बैठकीच्या व्यवहारात उघडा पडतो. प्रत्येक राजधानीचा प्रतिनिधी तेथे हातात एकच हिशेब घेऊन येतो: आम्ही किती भरले आणि आमच्या पदरात किती परत पडले. शेतीचे अनुदान पॅरिसच्या पदरात पडते, मागास प्रदेशांचा निधी वॉर्सा आणि लिस्बनच्या पदरात पडतो, सवलत हेगच्या पदरात पडते. म्हणून त्यांच्यासाठी भांडायला कोणी ना कोणी पंतप्रधान पहाटेपर्यंत जागा असतो. परंतु साथींविरुद्धची सज्जता, सर्वांसाठीचे संशोधन, एका देशातून दुसऱ्या देशात शिकायला जाणारा विद्यार्थी, बंद पडणाऱ्या कोळसा खाणीतला मजूर, समुद्रात बुडणारा परका, या कोणाच्याच पदरात मोजता न येणाऱ्या गोष्टी. त्या सर्वांच्या आहेत, म्हणूनच त्या कोणाच्याही नाहीत. त्यांना वाली नाही.

आणि ज्यांना वाली आहे त्यांचे काय झाले, तेही पाहावे. संघाच्या एकूण खर्चापैकी सुमारे एक तृतीयांश वाटा सामाईक कृषी धोरणाचा आहे; २०२१ ते २०२७ या सात वर्षांत ३८७ अब्ज युरो. शेतकऱ्याच्या नावाने खर्च होणाऱ्या पैशाला आम्ही महाराष्ट्रात राहून नाक मुरडणार नाही. शेतकरी कर्जाच्या फासात सापडला म्हणजे काय होते हे आम्हांला परक्याने सांगायला नको. पण हा पैसा शेतकऱ्याला मिळतो का? थेट अनुदानाची सुमारे ८० टक्के रक्कम २० टक्के लाभार्थ्यांकडे जाते, कारण अनुदान मुख्यतः हेक्टर मोजून दिले जाते आणि ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला दान जास्त. २००५ ते २०२० या पंधरा वर्षांत युरोपातील ५३ लाख शेते, शंभरातील सदतीस, नाहीशी झाली. ती बहुतेक छोट्यांची होती. एका शेतकऱ्याला वर्षाला एक लाख युरोंहून अधिक अनुदान मिळू नये, ही मर्यादा सक्तीची करावी असा प्रस्ताव आयोगाने २०१८ मध्ये मांडला. २०२० च्या त्याच जुलैत, त्याच नेत्यांनी, त्याच टेबलावर, ती मर्यादा ऐच्छिक केली. ज्या बैठकीत रुग्णाचे औषध महाग वाटले, त्या बैठकीत जमीनदाराच्या दानाला कमाल मर्यादा घालण्याचे धैर्य कोणाला झाले नाही.

त्या टेबलाभोवती बसलेल्यांत चेक प्रजासत्ताकाचे पंतप्रधान आंद्रेय बाबिश होते. ज्या अ‍ॅग्रोफर्ट उद्योगसमूहाची त्यांनी स्थापना केली, तो युरोपीय अनुदानांचा मोठा लाभार्थी. आणि बाबिश यांच्या बाबतीत पद व हितसंबंध यांचा संघर्ष आहे, असा निष्कर्ष पुढे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयोगाच्याच लेखापरीक्षणाने काढला. घेणाऱ्यालाच वाटणीला बसविण्याची ही रीत कोणत्या नीतिशास्त्रात बसते?

हे सारे पर्यावरणाच्या नावाने पवित्र करून घेण्याचाही प्रयत्न झाला. २०१४ ते २०२० या काळात कृषी धोरणातील शंभर अब्जांहून अधिक युरो हवामान बदल रोखण्याच्या खात्यावर दाखविण्यात आले. युरोपीय लेखापरीक्षक न्यायालयाने २०२१ मध्ये त्याची तपासणी केली, तेव्हा शेतीतून होणाऱ्या उत्सर्जनावर त्याचा फारसा परिणाम झालेला नाही, २०१० पासून ते घटलेलेच नाही, असे आढळले. पुढे २०२४ च्या आरंभी ट्रॅक्टर ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर उतरले. छोट्या शेतकऱ्याचा संताप खरा होता, त्याला मिळणारा भाव तुटपुंजा होता. त्याला उत्तर म्हणून आयोगाने कीटकनाशकांचा वापर निम्मा करण्याचा प्रस्ताव मागे घेतला, जमिनीचा थोडा भाग पडीक ठेवण्याची अट सैल केली. अनुदानाची वाटणी मात्र जिथल्या तिथे राहिली. पाणी विषारी झाले तरी चालेल, पण मोठ्या जमीनदाराच्या हेक्टरांना हात लावायचा नाही! (या धोरणाची एक आठवण आपल्याकडेही आहे. युरोपच्या अनुदानाने साठलेली दूधभुकटी आणि लोण्याचे तेल १९७० पासून दान म्हणून भारतात आले. वर्गीस कुरियन यांनी ते फुकट वाटू न देता त्याच्या विक्रीतून दूध महापूर योजनेचे भांडवल उभे केले, म्हणून आपला गवळी तगला. ज्या देशांना कुरियन लाभले नाहीत, त्यांपैकी काहींत युरोपच्या स्वस्त भुकटीचा फटका स्थानिक दूधधंद्याला बसला.)

सात वर्षांचा आराखडा एकदा असा ठरला की दर वर्षीचे अंदाजपत्रक त्याच साच्यात ओतले जाते. आयोग मसुदा मांडतो, मंत्र्यांची परिषद त्यावर कात्री चालविते, संसद कापलेले पुन्हा मागते, एकवीस दिवसांची समेट समिती बसते आणि नोव्हेंबरअखेर दोन्ही पक्ष विजय जाहीर करून घरी जातात. २०२५ च्या अंदाजपत्रकाचे उदाहरण घ्या. महामारीनंतर उभारलेल्या सामाईक कर्जाचे व्याज त्या वर्षी पाच अब्ज युरोंवर, मूळ अपेक्षेच्या जवळजवळ दुपटीवर गेले. कर्ज सर्वांनी घेतले होते, त्याचा लाभ सर्व राजधान्यांनी उचलला होता. तरीही परिषदेने जी सुमारे दीड अब्जाची काटछाट सुचविली, तिच्यात विद्यार्थ्यांच्या इरॅस्मस कार्यक्रमातून साडेएकोणतीस कोटी युरो काढून घेण्याची सूचना होती. वडिलांनी काढलेल्या कर्जाचे व्याज मुलाची फी बंद करून भरावे, तसा हा न्याय. संसदेने झगडून बरेचसे परत मिळविले हे खरे. पण झगडा करून काय मिळविले? जे आधीच कबूल केले होते तेवढेच! एकूण १९९ अब्जांच्या त्या अंदाजपत्रकात, ४५ कोटी लोकसंख्येच्या संघात, जो कलह माजला तो काय नवे करावे यासाठी नव्हता. दिलेले वचन मोडू नये यासाठी होता.

आणि मोडलेली वचने मोजायचीच तर ती थोडी नाहीत. आरोग्य कार्यक्रम संसदेच्या आग्रहामुळे पाच अब्जांवर आला होता. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यातून पुन्हा एक अब्ज काढले, संशोधनातून २.१ अब्ज काढले. कारण युक्रेन. आक्रमणाखाली चिरडल्या जाणाऱ्या राष्ट्राला ५० अब्जांचे साहाय्य देणे हे युरोपचे कर्तव्यच होते आणि त्याबद्दल आम्ही त्याचा गौरव करतो. परंतु कर्तव्य पाळताना किंमत रुग्णालयाने आणि प्रयोगशाळेने का द्यावी? पाच राष्ट्रांच्या सवलतीतील एक युरो तरी तेव्हा कोणी युक्रेनसाठी सोडला काय? कोळसा खाणी बंद होणाऱ्या प्रदेशांसाठी आयोगाने ४० अब्ज मागितले, नेत्यांनी साडेसतरा दिले. सिलेशियातल्या खाणमजुराला पृथ्वी वाचविण्यासाठी नोकरी सोडण्याचा उपदेश मात्र पुरेपूर मिळाला. २०२४ च्या सप्टेंबरात मध्य युरोप पुराखाली गेला, तेव्हा पोलंडमधील व्रोत्स्वाफ येथे १० अब्जांची घोषणा झाली. तो पैसा नवा नव्हता, त्याच प्रदेशांच्या विकासासाठी ठेवलेला निधी वळवून तो दाखविण्यात आला. युरोपीय संघात दर चार मुलांतील एक मूल दारिद्र्याच्या किंवा सामाजिक उपेक्षेच्या छायेत वाढते. मुलांच्या हमीयोजनेला किमान २० अब्जांचा स्वतंत्र निधी द्या, असे संसद वारंवार म्हणाली. स्वतंत्र निधी मिळाला नाही.

महाराष्ट्राला अंदाजपत्रक कसे वाचावे हे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी शिकविले. १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात सारा सरकारपक्ष शिलकीच्या आनंदात असताना त्या एकट्या माणसाने विचारले की दुष्काळाने आणि प्लेगने खंगलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेऊन शिल्लक दाखविणे हा पराक्रम की अन्याय. लष्करावर एवढे, मग प्राथमिक शिक्षणावर एवढेसेच का. मिठावरचा कर गरिबाच्या ताटातून का घ्यावा. पुढच्याच वर्षी मिठावरील कर उतरला. युरोपच्या तिजोरीला आज नेमका हाच प्रश्न विचारायचा आहे, कारण तिच्या पानांवरही बेरजा चोख जुळतात आणि माणूस तेवढा गळलेला असतो.

तो कोठे गळतो हे भूमध्य समुद्राने दाखविले आहे. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी लाम्पेदूसा बेटापाशी एक बोट बुडाली आणि साडेतीनशेहून अधिक माणसे मेली. युरोपच्या नेत्यांनी शवपेट्यांसमोर माना झुकविल्या. इटलीने लाज राखली. ‘मारे नोस्ट्रुम’ नावाची शोध व बचाव मोहीम आपल्या आरमाराकडून उघडली, महिन्याला सुमारे ९० लाख युरो खर्च केले आणि वर्षभरात लाखाहून अधिक जीव पाण्याबाहेर काढले. हा भार एकट्याने पेलवत नाही, सर्वांनी उचला, असे इटली म्हणत राहिली. सर्वांनी काय केले? १ नोव्हेंबर २०१४ पासून त्या जागी ‘ट्रायटन’ ही संघाची मोहीम आली. तिचा मासिक खर्च २९ लाख, तिचे काम सीमेची राखण, तिचा वावर मुख्यतः किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात. बचावाची जहाजे माणसांना समुद्रात ओढून आणतात, असा युक्तिवाद तेव्हा मोठमोठ्या पदांवरील गृहस्थांनी केला. जहाजे गेली, माणसे येतच राहिली. १८ एप्रिल २०१५ च्या रात्री एकाच बोटीबरोबर सुमारे आठशे जण बुडाले. त्यानंतर तिप्पट पैसा एका आठवड्यात सापडला.

सापडला, म्हणजे तो होता. कोठे होता? युरोपीय संसद दर महिन्याला आपले सदस्य, कर्मचारी आणि कागदपत्रांच्या पेट्या ब्रुसेल्सहून स्ट्रासबुर्गला नेते आणि चार दिवसांनी परत आणते, कारण करारात तसे लिहिले आहे आणि फ्रान्स ते बदलू देत नाही. लेखापरीक्षक न्यायालयाने २०१४ मध्ये, इटलीची बचाव मोहीम बंद पडली त्याच वर्षी, हिशेब करून सांगितले की ही ये-जा थांबविली तर वर्षाला ११ कोटी ४० लाख युरो वाचतील. महिन्याला ९० लाख म्हणजे वर्षाला १० कोटी ८० लाख. पेट्यांची ये-जा थांबविली असती तर त्या पैशात बचाव मोहीम पूर्ण वर्षभर चालून वर ६० लाख उरले असते. पेट्या आजही जातात, आजही येतात. २०१४ पासून भूमध्य समुद्रात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांची संख्या तीस हजारांवर गेली आहे; २०२३ मध्ये ग्रीसच्या पायलॉसपाशी जे शेकडो बुडाले, त्यांत आपल्या उपखंडातले, पाकिस्तानातले तरुण मोठ्या संख्येने होते. या काळात सीमारक्षक संस्था फ्रॉन्टेक्सचे अंदाजपत्रक २०१५ मधील सुमारे १४ कोटींवरून २०२३ मध्ये ८४ कोटींवर नेण्यात आले. कुंपणाला पैसा मिळाला, दोराला मिळाला नाही.

हे असेच का चालते, याचे उत्तर करारातच आहे. सात वर्षांच्या आराखड्याला सत्तावीसही राष्ट्रांचे एकमत लागते. म्हणजे प्रत्येक राजधानीच्या हाती नकाराधिकार, आणि नकाराधिकाराला किंमत असते. २०२३ च्या डिसेंबरात युक्रेनच्या सदस्यत्वाची वाटाघाट उघडायची होती, हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्तोर ओर्बान अडून बसले होते. शिखर बैठकीच्या आदल्या दिवशी आयोगाने हंगेरीचे कायद्याच्या राज्याच्या प्रश्नावरून गोठविलेले १०.२ अब्ज युरो मोकळे केले. न्यायव्यवस्थेत सुधारणा झाल्या म्हणून, असे कारण देण्यात आले. दुसऱ्या दिवशी मताच्या वेळी ओर्बान सभागृहाबाहेर जाऊन उभे राहिले. ज्याच्याजवळ अडविण्याची शक्ती आहे त्याच्यासाठी तिजोरी एका दिवसात उघडते. दारिद्र्याच्या छायेत वाढणाऱ्या त्या चौथ्या मुलाजवळ ती शक्ती नाही.

आणि वाचकहो, हा परक्यांच्या घरचा हिशेब म्हणून बाजूला ठेवू नका. सामाईक कर्ज फेडण्यासाठी नवे उत्पन्न शोधताना आयोगाने २०२१ मध्ये जे स्रोत सुचविले, त्यांत सीमेवरील कार्बन कराचा पाऊण हिस्सा संघाच्या तिजोरीत घालण्याची सूचना होती. हा कर पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट यांसारख्या आयात मालावर पडतो. भारताचे पोलाद युरोपला जाते, आणि भारत सरकारने या कराला उघड विरोध केला आहे. वातावरण स्वच्छ राहावे हे आम्हांलाही मान्य. पण दोनशे वर्षे धूर ओकून श्रीमंत झालेला खंड आपल्या जमीनदाराच्या हेक्टरांना धक्का न लावता, आपल्या श्रीमंत राष्ट्रांची सवलत न सोडता, आपले कर्ज फेडण्यासाठी भारतीय भट्टीकडे बोट दाखवू लागला, तर त्याला पर्यावरणनीती म्हणायला आम्ही तयार नाही.

१६ जुलै २०२५ रोजी आयोगाने २०२८ ते २०३४ या सात वर्षांचा नवा आराखडा मांडला. सुमारे २,००० अब्ज युरोंचा हा प्रस्ताव. त्यातील ८६५ अब्ज राष्ट्रवार योजनांच्या एकाच मोठ्या पेटीत, जिच्यात शेती, मागास प्रदेश आणि सामाजिक निधी एकत्र टाकले आहेत. संरक्षण आणि अंतराळ यांसाठी १३१ अब्ज, पूर्वीच्या पाचपट. रशियाच्या रणगाड्यांकडे पाहता युरोपने शस्त्र हाती घ्यावे यावर आमचा आक्षेप नाही. परंतु आरोग्याचा स्वतंत्र कार्यक्रमच या आराखड्यात उरलेला नाही. तो स्पर्धात्मकता निधीच्या पोटात विरघळविला आहे. स्वतंत्र रकाना असतानाही ज्याचे रक्षण झाले नाही, त्याचा रकानाच पुसल्यावर रक्षण कोण करणार? बेर्गामोतील शवपेट्यांना अजून दहा वर्षेही झालेली नाहीत.

म्युनिक, आम्सटरडॅम, डब्लिन, स्टॉकहोम येथे स्थायिक झालेले अनेक मराठी बंधुभगिनी आज त्या देशांचे नागरिक आहेत. त्यांचा कर त्या तिजोरीत जातो आणि त्यांचे मत त्या संसदेला निवडते. नव्या आराखड्याला संसदेची संमती लागते, आणि त्या संसदेची पुढील निवडणूक २०२९ मध्ये आहे. त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. गणेशोत्सवाच्या मंडपात पाहुणा म्हणून येणाऱ्या आपल्या प्रतिनिधीला हार घालण्यापूर्वी त्याला उभे करून विचारा, की वर्गणीतील सवलती रद्द करण्यासाठी त्याने मत दिले की नाही. जमीनदाराच्या अनुदानाला सक्तीची मर्यादा मागितली की नाही. मुलांसाठी स्वतंत्र निधी आणि समुद्रातील बचावासाठी स्वतंत्र रकाना मिळाल्याखेरीज या आराखड्याला संमती देणार नाही, असे तो लेखी देतो की नाही. देत नसेल तर हार परत घ्या आणि मतही देऊ नका.